मासळी, भाजी आणि मधले पाणी
घरगुती अ‍ॅक्वापोनिक्सकडे वळणाऱ्या वाचकांसाठी प्रस्तावना

भिवंडीचे नाव घेतले की यंत्रमाग आठवतात, आणि अलीकडच्या काळात महामार्गालगत पसरलेली गोदामे. ही ओळख खरी असली तरी पुरी नाही. पावसाळ्यात तालुक्यातील गावांकडे फिरणाऱ्याला आजही भाताची भरलेली खाचरे दिसतात. पहिल्या दमदार सरींबरोबर ओहोळांतून चढणीचे मासे वर येतात, बांध ओलांडून खाचरांत शिरतात, आणि भात व मासळी काही आठवडे एकाच पाण्यात वाढतात. मासा चिखल ढवळतो, किडे खातो, आणि त्याच्या विष्ठेतले नत्र रोपाच्या मुळाशी जाते. आगरी, कोळी आणि आदिवासी घरांनी हे पिढ्यानपिढ्या पाहिले आहे. मासे आणि भाजी एकाच फिरत्या पाण्यावर वाढवण्याची अ‍ॅक्वापोनिक्स ही पद्धत याच नात्यावर उभी आहे. म्हणून या विषयाच्या दारात उभ्या असलेल्या भिवंडीकराने आपण परक्या अंगणात आलो, असे वाटून घेऊ नये.

खाडीपलीकडच्या रायगड जिल्ह्यातले उदाहरण तर याहून बोलके आहे. पेण-अलिबागच्या खारेपाटात घराजवळ तळे खणून त्यात जिताडा सोडण्याची रीत जुनी आहे. पावसाळ्यात खाडीतून धरलेली पिल्ले गोड्या पाण्याच्या तळ्यात वाढतात आणि पाहुण्यांसाठी, सणासाठी राखून ठेवली जातात. हाच जिताडा ऑस्ट्रेलियात बॅरामंडी म्हणून ओळखला जातो, आणि तिथल्या हौशी मंडळींच्या परसातल्या अ‍ॅक्वापोनिक्स टाक्यांतला तो एक आवडता मासा आहे. आपल्या खारेपाटातल्या माणसाला जे अनुभवाने ठाऊक होते, तेच दूरच्या देशातल्या माणसाने पंप आणि पाइप लावून परसात आणले. याचा मला मनापासून अभिमान वाटतो, आणि वाचकांनाही तो वाटावा.

आता मूळ रचना पाहू. एका टाकीत मासे असतात. त्यांचे पाणी लहान पंपाने खडीने भरलेल्या वाफ्यात चढते, खडीतून झिरपते आणि परत टाकीत येते. वाफ्यात भाजी असते, माती नसते, आणि वरून सहसा खत दिले जात नाही. माशांना दिलेले खाद्य हेच या साऱ्या व्यवस्थेचे मुख्य खत. अमेरिकन व्हर्जिन बेटांवरील विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी १९८० च्या सुमारास या पद्धतीचा शिस्तशीर अभ्यास सुरू केला. कोणत्या आकाराच्या वाफ्याला रोज किती खाद्य लागते याची मापे त्यांच्या कामातून पुढे आली. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने लहान प्रमाणावरच्या अ‍ॅक्वापोनिक्सवर एक सविस्तर तांत्रिक पुस्तक काढले. आपल्याकडे वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत, म्हणजे भिवंडीपासून काही तासांच्या अंतरावर, कोई मासा आणि पालक यांची सांगड घालून प्रयोग झाले आहेत. ही संस्था १९६१ पासून मत्स्यविज्ञान शिकवते.

तरीही नवागताने मासे आणि भाजी यांच्याकडे सुरुवातीला जरा कमीच पाहावे, अशी माझी विनंती आहे. या व्यवस्थेचा खरा रहिवासी डोळ्यांना दिसत नाही. मासा श्वासावाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया बाहेर टाकतो, आणि अमोनिया माशालाच विषारी असतो. खडीच्या अंगावर राहणारे काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. तेही घातकच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट माशाला बरेच सहन होते आणि रोपाला हवेहवेसे असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे काम जिवाणूंचे आहे हे सिद्ध केले. मातीत हे रोज चालते, पण मातीत ते पाहता येत नाही. टाकीच्या पाण्यात मात्र चाचणी संचाच्या चार थेंबांनी तुम्ही ते रंगांत पाहू शकता. अमोनिया चढतो, मग उतरू लागतो. त्याच्या मागून नायट्राइट चढते आणि उतरते. शेवटी नायट्रेट साठू लागते. शाळेच्या पुस्तकातले नत्रचक्र घराच्या ओट्यावर घडताना दिसावे, ही माझ्या मते या विषयाची सर्वांत मोठी देणगी आहे. नुसत्या एवढ्यासाठीही तो शिकण्याजोगा आहे.

हे जिवाणू सावकाश वाढतात. पाणी तयार व्हायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात, आणि बहुतेक नवे प्रयोग याच काळात फसतात. उत्साहाने पहिल्याच दिवशी मासे सोडले जातात, चार-सहा दिवसांत अमोनिया चढतो, मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागतात, आणि माणूस निराश होतो. तुम्ही असे करू नका. टाकी भरा, पंप चालू करा, अमोनियाचा थोडा पुरवठा द्या आणि थांबा. कोणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्यातली मूठभर खडी मागून आणा. विरजणासारखी ती नव्या वाफ्यात मिसळली की वाट पाहण्याचा काळ बराच कमी होतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही जवळजवळ शून्यावर आले, म्हणजे मासे आणण्याची वेळ झाली.

पाण्याविषयी भिवंडीपुरते काही सांगितले पाहिजे. नळाचे पाणी क्लोरीन घालून शुद्ध केलेले असते, आणि क्लोरीन माशांना व जिवाणूंना सारखाच मारक आहे. ते पाणी उघड्या पिंपात एक-दोन दिवस ठेवून, शक्य तर त्यात हवेचे बुडबुडे सोडून मगच वापरावे. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. खाडीलगत ते मचूळ असू शकते. डाइंग आणि सायझिंगचे कारखाने जवळ असतील तर प्रयोगशाळेतून तपासणी करून घेतल्याशिवाय त्या पाण्यावर खायची भाजी वाढवू नये. सुदैवाने एकदा टाकी भरली की पाण्याची मागणी थोडी असते. बाष्पीभवनाने आणि रोपांनी घेतल्याने रोज एकूण पाण्याच्या एक ते तीन टक्के इतकीच भर घालावी लागते. पाण्याचा सामू (pH) ६ ते ७ यांच्या दरम्यान, सातच्या जवळ राखावा. जिवाणूंच्या कामामुळे तो हळूहळू खाली येतो आणि सहाच्या खाली गेला की त्यांचे काम मंदावते. अशा वेळी थोडी थोडी चुन्याची निवळी घालत, मोजत मोजत तो सावरता येतो.

सामान गावातच मिळते. निळी पिंपे आणि पिंजऱ्यातल्या हजार लिटरच्या टाक्या भंगारवाल्यांकडे रचलेल्या असतात. स्वस्त म्हणून त्या लगेच उचलू नका. आत पूर्वी काय होते हे विचारा, आणि उत्तर खात्रीचे नसेल तर ती टाकी सोडून द्या. रंग किंवा रसायन साठवलेले प्लॅस्टिक कितीही घासले तरी भरवशाचे होत नाही. खडीच्या बाबतीत मात्र आपण भाग्यवान आहोत. या भागाचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. तो पाण्यात विरघळत नाही आणि सामू बिघडवत नाही. क्रशरवरची पाऊण इंचाच्या आसपासची खडी आणून, भुकटी निघून जाईपर्यंत धुतली की वाफ्याचे काम झाले. शंका असेल तर खड्यावर लिंबू पिळून पाहा. फेस आला तर त्यात चुनखडी आहे, तो वापरू नये. वाफ्यातले पाणी खडीच्या वरच्या थरापेक्षा दोन-अडीच इंच खाली राहील असे ठेवले, म्हणजे शेवाळ धरत नाही आणि डासांनाही जागा मिळत नाही.

यापुढचा मुद्दा वाचकांनी घाईने ओलांडू नये. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. एक चौरस मीटरचा, फूटभर खोल, पाण्याने भरलेला खडीचा वाफा म्हणजे आणखी अर्ध्या टनाहून अधिक. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि कितीतरी माणसे झोपेतच गेली. ज्या गावाने हे पाहिले, तिथे गच्चीवर टाकी ठेवण्याचा सल्ला कोणी सहज देऊ नये. अंगण, पडवी किंवा परसातली पक्की जमीन ही पहिली पसंती. गच्चीच हवी असेल तर संरचना अभियंत्याची लेखी संमती घ्या. जुन्या इमारतीत राहत असाल तर दीडशे-दोनशे लिटरच्या एका पिंपावर तळमजल्यावर शिका. शास्त्र तेच आहे.

मासे किती सोडावेत, हा प्रत्येक नवागताचा पहिला प्रश्न. तो थोडा फिरवून विचारावा: रोज किती ग्रॅम खाद्य द्यावे? पालेभाजीच्या एका चौरस मीटर वाफ्याला दिवसाला ४० ते ५० ग्रॅम खाद्य पुरते, आणि टोमॅटो-मिरचीसारख्या फळभाजीला ५० ते ८० ग्रॅम. वाढता मासा रोज आपल्या वजनाच्या एक ते दोन टक्के खातो. म्हणजे पालेभाजीच्या एका चौरस मीटरला दोन ते पाच किलो मासे पुरेसे, आणि त्यांना पाचशे लिटरची टाकी पुष्कळ झाली. पहिल्या वर्षी याच्या निम्म्यानेच सुरुवात करा. अर्ध्या तासात न संपलेले खाद्य जाळीने काढून टाका. टाकीचे आरोग्य बिघडते ते बहुधा प्रेमाने टाकलेल्या जास्तीच्या मुठीमुळे.

कोणता मासा, यावर आपल्या भागात मतभेद होणारच. खाडीची आणि समुद्राची चव जिभेवर असलेल्या माणसाला गोड्या पाण्यातली मासळी फिकी वाटते, आणि ते मत मी खोडून काढणार नाही. शिकण्यासाठी कोई किंवा गोल्डफिश घ्या. ते काटक असतात आणि चूक सोसतात. खाण्यासाठी जगभर पहिली पसंती चिलापीची, म्हणजे तिलापियाची. पण तिच्या पालनासाठी मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते, आणि त्यामागे कारण आहे. १९५२ मध्ये भारतात आणलेली तिची एक जात तळ्यातळ्यांत पसरली आणि तिने स्थानिक माशांची जागा घेतली. थाई मागूर कोणी कितीही स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. जिताडा हा अनुभवी हातांचा मासा. तो मांसाहारी आहे, भावंडांनाही खातो, आणि आकारानुसार वेगळा काढावा लागतो. जो काही मासा पाळाल, तो नकोसा झाला म्हणून कामवारी नदीत किंवा वऱ्हाळा तलावात सोडू नका.

भाज्यांबद्दल फार सांगण्याची गरज नाही. पालक, माठ, पुदिना, अळू, कोथिंबीर आपसूक येतात. पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडले आहे असे समजावे आणि चिलेटेड लोह द्यावे. किडीवर फवारणी मात्र टाळावी. बागेत चालणारे साबणाचे पाणी किंवा निंबोळी अर्कसुद्धा टाकीत उतरले तर माशांच्या जिवावर बेतू शकते. पावसाळ्यात वर छप्पर हवे, नाहीतर एका रात्रीच्या पावसाने टाकी भरून वाहते आणि सामू घसरतो. मे महिन्यात शेडनेट हवे, कारण पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. लाइट गेल्यावर माशांकडे फार वेळ नसतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप पहिल्या दिवसापासून जवळ ठेवा.

यातून मिळते काय, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. वर सांगितलेल्या एका चौरस मीटरच्या रचनेत भाजी रोज खुडता येईल, पण मासे वर्षाला आठ-दहा किलोच होतील. खाद्य आणि वीज यांचा हिशेब धरला तर बाजारातली मासळी स्वस्त पडते. घरगुती अ‍ॅक्वापोनिक्सने उत्पन्न होईल असे कोणी सांगितले तर वहीत आकडे मांडून पाहा. हा अभ्यासाचा, चवीचा आणि ताज्या, फवारणीविरहित पाल्याचा व्यवहार आहे. मुलांना नत्रचक्र दाखवायचे असेल, थोड्या पाण्यात घरचा पालक खायचा असेल, तर तो पुरेपूर परतफेड करतो.

शेवटी एका मराठी माणसाचे ऋण सांगतो. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर गणिताचे शिक्षक होते. त्यांनी उभ्या केलेल्या ‘प्रयोग परिवारा’त शेतकरी आपापल्या बांधावर प्रयोग करत, नोंदी ठेवत आणि एकमेकांना सांगत. तासगावच्या द्राक्षबागांनी या पद्धतीचा लाभ घेतला. शास्त्र कोणा एका संस्थेच्या कुलपात नसते, असे त्यांनी करून दाखवले. अ‍ॅक्वापोनिक्सला भिवंडीत हाच मार्ग हवा. आपल्या नळाचे पाणी, आपली काळी खडी, आपला पाऊस यांचे आकडे आपल्यालाच गोळा करावे लागतील. वाचकांनी दिवाळीनंतर, हवा सौम्य असताना एका पिंपाने सुरुवात करावी. तारीख, तापमान, सामू, अमोनिया आणि खाद्याचे वजन एवढे रोज मराठीत लिहून ठेवावे. आणि पाणी तयार झाले, की शेजारी मागायला आला तर ती वही आणि मूठभर खडी दोन्ही त्याला द्यावी.