अपुऱ्या यंत्रांवरील कसब : जुन्या गेम कन्सोलवरील प्रथमपुरुषी नेमबाजी खेळांचा तांत्रिक इतिहास (१९८४ ते २००६)

सारांश

प्रस्तुत निबंधात १९८४ ते २००६ या कालखंडातील गेम कन्सोलवरील प्रथमपुरुषी नेमबाजीच्या खेळांचा, म्हणजेच फर्स्ट पर्सन शूटर या प्रकाराचा, तांत्रिक अंगाने विचार केला आहे. यंत्राची क्षमता अपुरी असताना कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी कोणते मार्ग शोधले आणि त्यांतील काही मार्ग पुढे बलवान यंत्रांनाही कसे उपयोगी पडले, हे दाखविण्याचा प्रयत्न येथे केला आहे. अभाव आणि कौशल्य यांचा संबंध सरळ नाही, तो यंत्राच्या ज्ञानापर्यंत पोहोचता येण्यावर अवलंबून असतो, असा निष्कर्ष शेवटी मांडला आहे.

बीजशब्द : गेम कन्सोल, प्रथमपुरुषी नेमबाजी, प्रकाश-बंदूक, तंत्रज्ञानाचा इतिहास, मराठवाडा

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुधा वाढत्या क्षमतेचा इतिहास म्हणून शिकविला जातो. प्रोसेसरचा वेग वाढला, स्मृती वाढली, किंमत उतरली आणि त्यामुळे नवनवीन गोष्टी शक्य झाल्या, अशी त्याची मांडणी असते. ही मांडणी चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. यंत्र दुबळे असतानाही काही माणसांनी त्याच्याकडून अनपेक्षित काम करून घेतले, हा त्याच इतिहासाचा दुसरा भाग होय. गेम कन्सोल, म्हणजे घरातील टीव्हीला जोडून खेळण्याचे यंत्र, हे या दुसऱ्या भागाचे उत्तम उदाहरण आहे. संगणकात नवा सुटा भाग बसवून क्षमता वाढविता येते. कन्सोल मात्र एकदा विकला गेला की पाच-सात वर्षे बहुतांशी तसाच राहतो, आणि जे करायचे ते त्याच मर्यादेत करावे लागते.

शिरूर कासारसारख्या तालुक्याच्या गावातून हा विषय मांडण्यास कारण आहे. आमच्या भागातील अनेक घरांत संगणकाच्या आधी व्हिडिओ गेम आला. आजच्या तरुण पिढीने हाताळलेले पहिले अंकीय यंत्र पुष्कळदा हेच होते. तरीही त्याची नोंद स्थानिक इतिहासात अपवादानेच आढळते.

उद्दिष्टे व पद्धती

१) कन्सोलच्या तांत्रिक मर्यादा स्पष्ट करणे. २) त्या मर्यादांवर मात करणाऱ्या निवडक खेळांचे विश्लेषण करणे. ३) या इतिहासाचा आपल्या परिसराशी असलेला संबंध तपासणे. निबंधाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. खेळांची निवड करताना लोकप्रियतेपेक्षा उपलब्ध साधने आणि साधलेला परिणाम यांच्या प्रमाणाकडे अधिक लक्ष दिले आहे. या खेळांतील हिंसेचा प्रश्न महत्त्वाचा असला तरी तो स्वतंत्र विवेचनाचा विषय आहे.

प्रथमपुरुषी दृष्टीची अडचण

साहित्याच्या अभ्यासकांना प्रथमपुरुषी निवेदन परिचित आहे. या खेळांत तेच तत्त्व दृश्यरूपाने येते. खेळाडूचे पात्र पडद्यावर दिसत नाही, पडदा हीच त्याची दृष्टी असते. बाजूने दिसणाऱ्या खेळात पार्श्वभूमीचे तयार तुकडे सरकविले तरी भागते. येथे मात्र खेळाडूने मान वळविताच भिंत, दार, शत्रू या सर्वांचे आकार व अंतरे बदलतात, आणि यंत्राला दर सेकंदास अनेक वेळा संपूर्ण चित्र नव्याने काढावे लागते. यंत्राची कसोटी पाहण्यास हा खेळप्रकार म्हणूनच योग्य ठरतो.

प्रकाश-बंदूक : पहिली युक्ती

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम हा कन्सोल बाजारात आणला. त्याच्या प्रोसेसरचा वेग सुमारे १.७९ मेगाहर्ट्झ आणि कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट होती. त्यावर त्रिमिती जग उभारणे जवळपास अशक्य होते. १९८४ मध्ये आलेल्या डक हंट या खेळाने ते उभारण्याचा प्रयत्नच केला नाही. दृश्य स्थिर ठेवले आणि खेळाडूच्या हाती बंदूक दिली.

या बंदुकीतून काहीही सुटत नाही, उलट ती पाहते. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो. पुढच्या चौकटीत केवळ बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतील प्रकाशसंवेदकाने काळ्यानंतर पांढरे पाहिले, तर नेम लागला. बदके दोन असतील, तर दोन चौकोन एकापाठोपाठ एक उमटतात आणि उजेड कोणत्या वेळी दिसला यावरून कोणते बदक पडले हे ठरते. कोणी दिव्याकडे बंदूक रोखली, तर काळ्या चौकटीच्या वेळीही उजेड दिसतो आणि लबाडी उघडी पडते. नेम कोठे धरला आहे, हा अवघड भूमितीचा प्रश्न अशा रीतीने उजेड आणि काळोख यांच्या साध्या प्रश्नात रूपांतरित केला गेला. ही युक्ती जुन्या काचनळीच्या टीव्हीवर अवलंबून असल्यामुळे नव्या सपाट पडद्यांवर मूळ बंदूक चालत नाही.

या कल्पनेमागे निन्टेन्डोचे अभियंते गुनपेई योकोई यांची परंपरा होती. त्यांनी १९७० च्या दशकात प्रकाशसंवेदक वापरून खेळण्यातील बंदुका तयार केल्या होत्या. जुने झालेले, स्वस्त व पूर्ण परिचयाचे तंत्र घेऊन ते नव्या कामाला लावावे, हे त्यांचे सूत्र प्रसिद्ध आहे.

भारतात फॅमिकॉमच्या धर्तीची यंत्रे समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी विकली गेली. त्यांतील काहींबरोबर बंदूकही मिळे. मुले कार्ट्रिजला 'कॅसेट' म्हणत. एका कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचे वेष्टनावर छापलेले असे, प्रत्यक्षात तेच मोजके खेळ पुनःपुन्हा येत. यांतील बहुतेक खेळांत प्रगती साठविण्याची सोय नव्हती. मराठवाड्यातील भारनियमनाच्या काळात वीज गेली की खेळ पुन्हा आरंभापासून सुरू करावा लागे, हे अनेकांना आठवत असेल.

दुबळ्या यंत्राने बलवान यंत्राला शिकविलेला धडा

अमेरिकेतील इड सॉफ्टवेअरने १९९२ साली संगणकासाठी वुल्फेन्स्टाइन ३डी हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात पडद्याच्या प्रत्येक उभ्या पट्टीसाठी एक काल्पनिक किरण सोडून तो भिंतीला कोठे अडतो हे मोजले जाई. हाच खेळ सुपर निन्टेन्डो या कन्सोलवर आणताना अडचण आली. त्याचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झ वेगाने चाले, आणि इतक्या किरणांचा हिशेब त्याला झेपेना. तेव्हा जॉन कार्मॅक यांनी निराळी रीत अवलंबिली. हेन्री फुक्स, झ्वी केडेम व ब्रूस नेलर यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अवकाश-विभाजनाच्या कल्पनेवर ती आधारलेली होती.

ही रीत शेताच्या वाटणीच्या उदाहरणाने समजते. शेतात एक बांध घातला की दोन वाटे पडतात. प्रत्येक वाट्यात पुन्हा बांध घालीत गेल्यास लहान-लहान तुकडे होतात. माणूस कोणत्या बांधाच्या कोणत्या बाजूस उभा आहे एवढे कळले, की जवळचा तुकडा कोणता व लांबचा कोणता याचा क्रम आपोआप लागतो. नकाशाची अशी वाटणी खेळ सुरू होण्यापूर्वीच करून ठेवली, तर ऐनवेळी मोजणी फार थोडी उरते.

कार्मॅक यांनी हीच रीत डिसेंबर १९९३ मध्ये संगणकावर आलेल्या डूम या खेळात वापरली, आणि त्या खेळाने या प्रकाराचा पुढील इतिहास घडविला. येथे ज्ञानाचा प्रवाह दुबळ्या कन्सोलकडून बलवान संगणकाकडे गेला, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

१६ बिट यंत्रांची पराकाष्ठा

सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्हची अडचण निराळी होती. हे यंत्र आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या फरशा जोडून चित्र बनवी. पडद्यावरील एखादा ठिपका थेट रंगविण्याची सोय त्यात नव्हती. टेक्नोपॉपच्या झिरो टॉलरन्स (१९९४) या खेळात दृश्य आधी स्मृतीत काढून मग फरशांच्या रूपाने पडद्याकडे धाडले गेले. हा भार कमी व्हावा म्हणून दृश्याची खिडकी लहान ठेवली आणि सभोवतालची जागा नकाशा व इतर माहितीला दिली. दोन कन्सोल तारेने जोडून दोघांना एकत्र खेळण्याची सोयही त्यात होती.

सुपर निन्टेन्डोवरील डूम (१९९५) हे तर जवळजवळ एका माणसाच्या हट्टाचे फळ म्हणता येईल. रँडी लिंडेन यांनी मूळ कार्यक्रम न वापरता स्वतःचा नवा कार्यक्रम लिहिला. कार्ट्रिजमध्येच बसविलेल्या, सुमारे २१ मेगाहर्ट्झ वेगाच्या सुपर एफएक्स २ या जोड-प्रोसेसरची त्याला साथ होती. तरीही जमीन आणि छत यांवरील नक्षी सोडून द्यावी लागली. काय ठेवायचे आणि काय टाकायचे, या निर्णयातच त्यांचे कौशल्य दिसते. लिंडेन यांनी २०२० साली हा कार्यक्रम सर्वांना वाचता येईल असा खुला केला.

त्रिमिती यंत्रांचा काळ

यानंतरची यंत्रे त्रिमिती चित्रांसाठीच बनविलेली असली, तरी मर्यादा संपल्या नाहीत, त्यांचे रूप पालटले. सेगा सॅटर्नमध्ये दोन प्रोसेसर होते आणि ते जगाप्रमाणे त्रिकोणांऐवजी चौकोनांनी चित्र काढी. त्यामुळे इतरांसाठी लिहिलेले खेळ त्यावर आणणे कठीण जाई. लोबोटॉमी सॉफ्टवेअर या छोट्या संस्थेने पॉवरस्लेव्ह (१९९६) या खेळासाठी सॅटर्नला साजेशी यंत्रणा घडविली आणि १९९७ मध्ये तिच्यावरच क्वेक हा खेळ नव्याने उभा केला. मूळ कार्यक्रम बाजूला ठेवून त्यातील स्थळे पुन्हा रचली गेली. इतके करूनही ही संस्था १९९८ मध्ये बंद पडली.

निन्टेन्डो ६४ चा प्रोसेसर ९३.७५ मेगाहर्ट्झचा होता. परंतु पृष्ठभागांवरील नक्षीसाठी राखलेली द्रुत स्मृती केवळ ४ किलोबाइट, म्हणजे रोमन लिपीतील सुमारे चार हजार अक्षरांएवढी होती. रेअर कंपनीच्या गोल्डनआय ००७ (१९९७) ने या उणिवेची भरपाई वर्तनाने केली. गोळी शरीराच्या ज्या भागास लागेल त्यानुसार शत्रूची प्रतिक्रिया बदले, आणि आवाज ऐकून पहारेकरी धावून येत. चौघांनी एकाच पडद्यावर खेळण्याची सोय शेवटच्या टप्प्यात जोडली गेली. या खेळाच्या सुमारे ८० लाख प्रती खपल्या.

सोनीच्या प्लेस्टेशनवर वस्तूंच्या खोलीची नोंद ठेवणारी यंत्रणा नव्हती. दृश्यातील रेषा थरथरत आणि भिंतीवरील नक्षी वाकडी होई. मेडल ऑफ ऑनर (१९९९) मध्ये बंदिस्त स्थळे आणि प्रभावी ध्वनी यांनी ही उणीव झाकली. एलियन रिसरेक्शन (२००० ) मध्ये एका कांडीने चालणे व दुसरीने पाहणे अशी रचना होती. तेव्हा तिच्यावर टीका झाली, पुढे तीच सर्वत्र रूढ झाली. २००२ च्या मेट्रॉइड प्राइममध्ये पुढील दालन तबकडीवरून स्मृतीत येईपर्यंत दार उघडत नसे, त्यामुळे खेळाडूला खंड जाणवत नसे. २००६ मध्ये ब्लॅक या खेळाने प्लेस्टेशन २ च्या ३२ मेगाबाइट स्मृतीतून पडझडीची आणि स्फोटांची थक्क करणारी दृश्ये उभी केली. यंत्र बाजारात येऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती.

निष्कर्ष

१) तांत्रिकदृष्ट्या श्रेष्ठ ठरलेल्या खेळांच्या निर्मात्यांनी यंत्राला काय जमत नाही हे आधी नेमके ओळखले आणि त्यानुसार खेळाची रचना बदलली.

२) मर्यादेतून सापडलेली रीत मर्यादा सरल्यावरही टिकते. वुल्फेन्स्टाइनकडून डूमकडे झालेला प्रवास त्याची साक्ष देतो.

३) यावरून अभावाचा गौरव करणे मात्र अयोग्य ठरेल. साधनांची टंचाई लिंडेन यांच्यापुढेही होती आणि बीड जिल्ह्यातील एखाद्या घरात टीव्हीपुढे बसलेल्या मुलापुढेही होती. लिंडेन यांना यंत्राची आतली रचना समजून घेता आली, त्यावर आपला कार्यक्रम चालवून पाहता आला. त्या मुलाच्या हाती आलेली पेटी बंद होती. तिच्याबरोबर माहितीपुस्तिका नव्हती, आणि कॅसेटवर मूळ निर्मात्याचे नावही पुष्कळदा पुसलेले असे. म्हणून एकीकडे टंचाईतून कसब निर्माण झाले आणि दुसरीकडे केवळ करमणूक झाली. हा फरक बुद्धीचा नव्हता, ज्ञानाच्या वाटेचा होता.

४) ही यंत्रे आज भंगारात जात आहेत आणि त्यांच्या आठवणीही विरत आहेत. इतिहास, भौतिकशास्त्र व संगणकशास्त्र या विभागांनी मिळून परिसरातील जुनी यंत्रे व ती वापरणाऱ्यांच्या मुलाखती जमविल्यास स्थानिक इतिहासाचे एक नवे साधन उपलब्ध होईल. प्रकाश-बंदुकीची युक्ती जुन्या टीव्हीवर प्रत्यक्ष करून दाखविता येते. ती पेटी विद्यार्थ्यांसमोर उघडणे, हे आपल्या महाविद्यालयांना आजही सहज शक्य असलेले काम आहे.