दोन डोंगर आणि एक सूर्य

शनिवारची शाळा सकाळची, आणि तिचा शेवटचा तास चित्रकलेचा. दप्तर बांधायच्या घाईतली मुले आणि आठवड्याच्या कामाने शिणलेला मास्तर या दोघांनाही झेपेल असा विषय म्हणून वेळापत्रक करणाऱ्याने तो तिथे टाकला असावा. गेली कित्येक वर्षे हा तास माझ्याकडे आहे. मी काही चित्रकलेचा शिक्षक नव्हे. मराठी शिकवतो, आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण लहान शाळेत जो हजर असेल त्याच्याकडे विषय येतो, तसा हा माझ्याकडे आला.

पहिली काही वर्षे मी फळ्यावर ‘निसर्गचित्र’ एवढाच शब्द लिहीत असे आणि वह्या तपासायला घेत असे. तासाच्या शेवटी वीस-बावीस कागद टेबलावर येत. सगळ्या कागदांवर एकच चित्र. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य, सूर्याची दातेरी किरणे, डोंगरांतून निघून खाली रुंद होत जाणारी नदी, काठावर एक झोपडी, आणि झोपडीशेजारी वाकलेले नारळाचे झाड. आमच्या मावळात नारळ माहीत आहे तो देवापुढे फोडण्यापुरता. त्याचे झाड पाहायचे तर मढे घाट उतरून कोकणात जावे लागते. तरी बावीस कागदांवर बावीस नारळ.

आणि खिडकीबाहेर काय होते? एका खिडकीतून तोरणा दिसतो, दुसरीतून राजगड. तोरण्याचा माथा लांबच लांब, एका टोकाला झुंजार माची, दुसऱ्या टोकाला बुधला. राजगडाचा बालेकिल्ला मधोमध उभा, आणि त्याच्या अंगाशी पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या. या डोंगरांत त्रिकोण एकही नाही. रोज उठून ज्यांच्याकडे पाहायचे ते डोंगर सोडून या मुलांच्या हातून हे परके डोंगर का उतरावेत, हा प्रश्न मला पडायला फार वर्षे लागली. कारण लहानपणी मीही तेच चित्र काढले होते. आमच्या मास्तरांनी ते खडूने फळ्यावर काढले, आम्ही वहीत उतरवले, आणि ज्याचे हुबेहूब उतरले त्याला शाबासकी मिळाली.

हे चित्र पहिल्यांदा कोणाच्या हातून उतरले हा प्रश्न गौण आहे. ते ज्या रीतीने फळ्यावरून वहीत आणि एका पिढीच्या वहीतून दुसरीच्या वहीत गेले, ती रीत मात्र जुनी आहे, आणि तिला इतिहास आहे.

तो इतिहास लंडनपासून सुरू होतो. १८५१ साली तिथे मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. यंत्रांच्या बळावर जगाला माल पुरवणाऱ्या इंग्रजांना तिथे एक गोष्ट बोचली. त्यांच्या कापडावरची नि भांड्यांवरची नक्षी इतरांच्या मानाने ओबडधोबड होती. त्यावर उपाय म्हणून हेन्री कोल यांच्या देखरेखीखाली सरकारी खाते निघाले, आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी चित्रकलेचा पायऱ्यापायऱ्यांचा अभ्यासक्रम आखला. आधी सरळ रेषा, मग छापील नमुन्यावरून बाह्यरेषा, मग छाया, मग प्लास्टरचे पुतळे. विद्यार्थी खऱ्या झाडासमोर बसायचा तो बऱ्याच पायऱ्या चढून गेल्यावर. साउथ केन्सिंग्टनची पद्धत म्हणतात ती हीच. कारखान्याला नेमका हात हवा होता आणि नेमका हात घडवण्यात ही पद्धत वाकबगार होती.

मुंबईत सर जमशेटजी जिजीभाई यांनी १८५३ साली कलाशाळेसाठी १ लाख रुपये देऊ केले, आणि १८५७ साली एल्फिन्स्टन संस्थेत चित्रकलेचा पहिला वर्ग भरला. हीच पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट म्हणून नावारूपाला आली. १८६५ साली तिथे लॉकवुड किपलिंग शिकवायला आले. तिथलेच ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून पुढे बारा-तेरा वर्षे विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रती करवून घेतल्या. १८७९ साली रेखाटन हा शिकवण्याचा विषय झाला, आणि १८९३ साली चित्रकलेच्या शिक्षकांसाठी जे. जे.मध्ये वेगळा वर्ग निघाला. त्या वर्गाने घडवलेला ‘ड्रॉइंग मास्तर’ टोपी, कोट आणि टोक केलेल्या पेन्सिलीसह जिल्ह्याजिल्ह्यांच्या हायस्कुलांत पोहोचला. पुढे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांनी त्याच्या कामाला माप दिले. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती, अक्षरलेखन ही नावे ज्याने शाळेत ऐकली नाहीत असा मराठी माणूस विरळा.

या परंपरेची थट्टा करणे सोपे आहे. मी ती करणार नाही. कोल्हापूरचे धुरंधर याच शाळेत शिकले आणि पुढे तिथेच मानाच्या जागेवर बसले. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलांना साइनबोर्ड रंगवण्यापासून नकाशे काढण्यापर्यंतची भाकरी या परीक्षांनी मिळवून दिली. माझी तक्रार आहे ती खाली झिरपताना जे झाले त्याबद्दल. अजिंठ्याला जी प्रत झाली ती भिंतीसमोर बसून झाली. नक्कल करणाऱ्याला दर रेषेपूर्वी मूळ वस्तूकडे मान वर करून पाहावे लागत होते. आमच्यापर्यंत आली ती नकलेची नक्कल, जिच्यात मान वर करायचे कारणच उरले नव्हते.

आमचा हा मुलूख तर भोर संस्थानचा. पंत सचिवांच्या कारभारात तालुक्यांना किल्ल्यांची नावे होती. रोहिड्याचा विचित्रगड, तोरण्याचा प्रचंडगड, राजगड, सुधागड. जमिनीच्या दप्तरात नुसते गाव सांगून भागत नसे. ते कोणत्या गडाच्या छायेत आहे तेही सांगावे लागे. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला, तेव्हा एक जुनीच रीत परत आली म्हणायची.) शेजारच्या औंधला तर राजाच चित्रकार होता. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी स्वतः कुंचला धरला, आणि गावच्या टेकडीवर १९३८ साली संग्रहालय उभारून जमवलेली चित्रे लोकांसाठी खुली केली. १९४८ साली ही संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली आणि भोरच्या मुलाचा अभ्यासक्रम नि मुंबईच्या मुलाचा अभ्यासक्रम यांत उरलासुरला फरकही मिटला. त्यात लाभ पुष्कळ झाला. पण दप्तरात ज्या गडांची नावे होती ते मुलांच्या चित्रांच्या वह्यांत मात्र आले नाहीत.

दुसरी वाट नव्हती असे नाही. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ साली मुलांचा चित्रवर्ग काढला. मुलाला शिकवण्यापेक्षा त्याला काढू द्यावे, असे त्यांचे म्हणणे. शांतिनिकेतनात १९१९ साली कलाभवन सुरू झाले आणि नंदलाल बोस झाडाखाली बसून शिकवू लागले. आपल्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षणपरिषद भरली. तीतून झाकिर हुसेन समितीचा जो अभ्यासक्रम निघाला त्यात सूतकताईच्या जोडीला चित्रकलाही होती, आणि तिचा पहिला हेतू डोळ्याला आकार नि रंग पाहायची सवय लावणे हा होता. सेवाग्रामला देवीप्रसाद यांनी त्या धोरणाने मुलांना वर्षानुवर्षे चित्रे काढू दिली. ताराबाई मोडकांनी बोर्डीला १९४५ साली आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने बिया, शिंपले, खडे, पाने यांतून शिक्षणाची साधने उभी केली. रंगपेटीला पैसे नसले तरी चालते, हे त्यांनी दाखवून दिले.

मग हे सारे आमच्या शनिवारपर्यंत का पोहोचले नाही? कारण साधे आहे. आठवड्याला एक तास, त्याला मास्तर नाही, आणि शेवटी परीक्षा. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षकाची तरतूद आहे. पण ती पटावर शंभरापेक्षा अधिक मुले असतील तेथे, आणि तीही अर्धवेळ. आमच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत शंभराचा आकडा कुठला? जिथे मुले थोडी तिथे कलेची गरज थोडी, असाच त्या तरतुदीचा व्यवहारात अर्थ होतो. पुण्याच्या मुलाला रविवारी फी भरून चित्रवर्गाला जाता येते. डोंगराच्या कुशीतल्या मुलाला मिळतो तो हा शेवटचा तास, आणि तो माझ्यासारख्याच्या हाती.

त्या हाताने काय केले ते आता सांगतो.

सहावीत एक मुलगा होता. अबोल, मागच्या बाकावरचा. सुट्टीच्या दिवशी आजोबांबरोबर गुरे घेऊन गडाखाली जाणारा. एकदा निसर्गचित्राच्या कागदावर त्याने आडवी, मध्येच तुटलेली, एका टोकाला पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली रेघ काढली होती आणि खाली सगळा कागद कोळशासारखा काळा केला होता. सूर्य नाही, नदी नाही. मी तांबड्या शाईने शेरा लिहिला, “डोंगर असा असतो का? नीट काढ.” त्याने कागद घेतला, घडी केली, आणि पुढच्या शनिवारी दोन त्रिकोण काढून आणले. मी त्याला दहापैकी सात गुण दिले.

त्या दिवाळीत त्याच्या वाडीत कोणाच्या तरी आजारपणामुळे माझे जाणे झाले. अंगणात मुलांनी किल्ला केला होता. गोणपाट चिखलात बुडवून दगडांवर पसरलेले, उतारावर अळीव उगवलेले, आणि माथ्यावर बाजारातले मातीचे महाराज बसलेले. मी सहज म्हणालो, “छान आहे रे, कुठला किल्ला?” तो मुलगा चिखलाचे हात मागे लपवत म्हणाला, “राजगड, गुरुजी.” मी वाकून पाहिले. बालेकिल्ला होता, तीन माच्या होत्या. संजीवनी टप्प्याटप्प्याने उतरत नेली होती. सुवेळा माचीवर खडकाला जे आरपार भोक आहे, ज्याला लोक नेढे म्हणतात, ते त्याने ओल्या मातीत बोटाने पाडले होते, आणि त्यातून पलीकडची पणती दिसत होती.

आणि संजीवनीची ती उतरती रेघ मी ओळखली. तीच त्याने कागदावर काढली होती. खालचा काळा रंग उन्हाळ्यात वणवा गेलेल्या उताराचा होता. मी विचारले, “मग चित्रात दोन डोंगर का काढलेस?” तो खाली बघत म्हणाला, “तुम्ही नीट काढ म्हणला ना, गुरुजी. पर आपल्याकडनं तसा डोंगूर दिसत न्हाई.”

घरी येताना मी वाटेत दोनदा थांबलो. वस्तूचे मनात ठसलेले रूप पुन्हा उभे करणे, याला परीक्षेच्या भाषेत स्मरणचित्र म्हणतात. आपल्याकडची मुले शंभर वर्षे दर दिवाळीला ते मातीत काढत आली आहेत, आणि कोणी त्यांना गुण दिलेले नाहीत. त्यांना पाहता येत होतेच. शनिवारच्या तासात त्यांनी पाहू नये, एवढेच आम्ही त्यांना शिकवले होते.

तेव्हापासून तासाची रीत बदलली. फळ्यावर मी चित्र काढत नाही. एका शनिवारी मुठीत मावेल एवढा दगड आणायचा आणि तो तीन बाजूंनी रेखाटायचा. एका शनिवारी घरच्या आजीकडून रांगोळीचे ठिपके शिकून यायचे. भूमितीचा तास त्यातच होतो. बेंदराच्या आठवड्यात मातीचे बैल, पण ते आपापल्या गोठ्यातले, शिंगे जशी आहेत तशी. रंगाला काव, चुना, कोळसा, हळद. आणि महिन्यातून एक शनिवार खिडकीतल्या डोंगराचा, दरवेळी त्याच जागी बसून. आषाढात कागद जवळजवळ कोराच राहतो, कारण ढगांत गड दिसत नाही. भाद्रपदात सोनकीचा पिवळा येतो, मार्गशीर्षात वाळल्या गवताचा, आणि फाल्गुनात राब भाजल्याचे काळे चौकोन. वर्षाअखेर प्रत्येकाजवळ एकाच डोंगराची चित्रे असतात, आणि त्यांतली कोणतीही दोन सारखी नसतात.

यातून चित्रकार निघाले असे मी सांगणार नाही. पुढे हायस्कुलात ही मुले एलिमेंटरीला बसतात, पुन्हा नमुने गिरवतात, आणि त्यांनी ते गिरवावेत. दहावीच्या निकालात या परीक्षांचे गुण धरले जातात, आणि गरिबाच्या मुलाने गुण सोडू नयेत. काही जण अजूनही नारळ काढतात. मी खोडत नाही, एवढेच विचारतो, “हे झाड कुठे पाहिलेस?” कधी उत्तर येते, “मावशीच्या गावाला, महाडला.” मग तो नारळ खरा असतो.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. शाळा सोडून जाताना मी त्याच्याकडे तो पहिला कागद मागितला. त्याने जपून ठेवला होता. घडीवर फाटला होता, पण रेघ शाबूत होती. मी माझ्या शेऱ्यावर काट मारली, खाली दहापैकी दहा लिहिले, आणि कागद त्याला परत दिला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “गुरुजी, आता काय उपेग? वरीस कवाच सरलं.” त्याचे म्हणणे खरे होते. तरी कागद त्याने घडी करून खिशात ठेवला.