तीनच फेऱ्यांचा लूप

नकाशावर वर्तुळ काढायचं तर कोडला केंद्र आणि त्रिज्या द्यायची, दिशा ० ते ३५९ अंश फिरवायची, दर अंशाला साइन-कोसाइन लावून अक्षांश-रेखांश काढायचे आणि ते बिंदू जोडायचे. त्रिज्या मोठी असली की सपाट कागदाचं सूत्र चालत नाही. मग ती किलोमीटरऐवजी पृथ्वीच्या केंद्रापाशी होणाऱ्या कोनात मोजतात. माझ्या कामात हे फंक्शन नेहमी लागतं आणि लॅपटॉपला त्याचं काहीच वाटत नाही. पण हेच गणित एकदा एका जहाजाच्या कॅप्टनने हाताने केलं होतं, जीव मुठीत धरून.

थॉमस सम्नर हा मूळचा बॉस्टनचा. नोव्हेंबर १८३७ मध्ये तो अमेरिकेतल्या चार्ल्स्टनहून स्कॉटलंडला निघाला. १७ डिसेंबरला जहाज आयर्लंडच्या दक्षिणेला पोचलं, तेव्हा हवा कुंद होती आणि वारा जहाजाला किनाऱ्याकडे ढकलत होता. आपण नक्की कुठे आहोत, हे कुणालाच माहीत नव्हतं. सकाळी दहाच्या सुमारास ढगांतून क्षणभर सूर्य दिसला. सम्नरने क्षितिजापासूनची त्याची उंची मोजली आणि घड्याळातली वेळ टिपली.

यावरून रेखांश काढायला अक्षांश ठाऊक हवा, आणि त्याचाच भरवसा नव्हता. म्हणून त्याने आधी अंदाजाचा अक्षांश धरला, मग १० मिनिटं (अंशाचा सहावा भाग) उत्तरेचा, मग २० मिनिटं उत्तरेचा. आपण लूपमध्ये दिशा बदलतो, त्याने अक्षांश बदलला. त्याचा लूप फक्त तीन वेळा फिरला.

तिन्ही उत्तरं नकाशावर एका सरळ रेषेत आली. त्याच्या लक्षात आलं की या रेषेवर कुठेही उभं राहिलं, तरी त्या क्षणी सूर्य तेवढ्याच उंचीवर दिसेल. खरं तर ती रेषा म्हणजे एका प्रचंड वर्तुळाचा तुकडा होता. त्या वेळी सूर्य जिथे बरोबर डोक्यावर होता, ते त्याचं केंद्र आफ्रिकेच्या दक्षिण भागात होतं. त्रिज्या होती सुमारे ७८ अंश, म्हणजे साडेआठ हजार किलोमीटरहून जास्त. एवढ्या मोठ्या वर्तुळाचा छोटा तुकडा सरळच दिसणार.

ती रेषा पुढे वेल्सजवळच्या स्मॉल्स दीपगृहावरून जात होती. रेषेवर आपण कुठे आहोत, हे सम्नरला अजूनही माहीत नव्हतं. पण तिच्याच दिशेने जहाज हाकलं तर दीपगृह लागणार, एवढं नक्की होतं. तासाभरात ते दिसलं. १८४३ मध्ये त्याने ही पद्धत पुस्तकरूपाने छापली. दोन वेळा सूर्य पाहिला की दोन रेषा मिळतात आणि त्या छेदतात तिथे जहाज असतं. आपल्या फोनमधलं जीपीएस याच कल्पनेवर चालतं. तिथे वर्तुळांऐवजी उपग्रहांभोवतीचे गोल एकमेकांना छेदतात.

८ मार्च २०१४ ला २३९ माणसांना घेऊन निघालेलं मलेशियाचं एमएच ३७० विमान बेपत्ता झालं. उपग्रहाला मिळालेल्या शेवटच्या सिग्नलला किती वेळ लागला, यावरून विमानाचं उपग्रहापासूनचं अंतर निघालं आणि पृथ्वीवर पुन्हा एक वर्तुळ उमटलं. त्याच्या एका लांबलचक कंसाच्या आसपास हिंदी महासागराचा सुमारे १,२०,००० चौरस किलोमीटर तळ धुंडाळला गेला. जानेवारी २०१७ मध्ये तो शोध थांबला, तेव्हाही विमान सापडलेलं नव्हतं.

दोन्ही वेळा गणित बरोबरच होतं. सम्नरच्या रेषेवर एक दीपगृह होतं. या कंसावर मात्र नुसतं खोल पाणी होतं, आणि त्याला छेदणारी दुसरी रेषा कुणाकडेच नव्हती.