पणजी : दलदलीवर उभी राहिलेली राजधानी

पणजी राजधानी झाली ती स्वतःच्या वैभवामुळे नव्हे, तर जुन्या गोव्याच्या अनारोग्यामुळे. साथीच्या रोगांनी ते शहर ओस पडू लागले, तेव्हा व्हाइसरॉय, म्हणजे पोर्तुगालच्या राजाचा येथील प्रतिनिधी, आधी पणेलीस आणि 1759 मध्ये पणजीच्या आदिलशाही वाड्यात राहावयास आला. मात्र या गावाला ‘नोव्हा गोवा’ या नावासह शहराचा व राजधानीचा दर्जा मिळण्यास 1843 उजाडावे लागले.

हवा मानवणारी असली, तरी जमीन तशी नव्हती. आल्तिनोची टेकडी आणि मांडवी यांच्यामधला सखल भाग भरतीच्या पाण्याने चिखलमय होत असे. पूर्वेस रायबंदरपर्यंतचा सुमारे तीन किलोमीटरचा सेतुमार्ग लिन्यारिशच्या काउंटने 1633-34 मध्येच बांधून घेतला होता, आणि त्याच्या एका अंगास नदी, तर दुसऱ्या अंगास मिठागरे पसरलेली होती. या परिसरात खाजन शेतीही होती. खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन, आणि तिच्या बांधातील मानस हे लाकडी दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटते व ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडते. पाण्याशी असा समझोता करणाऱ्या शेतकऱ्यांच्या शेजारी दोम मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रो या व्हाइसरॉयने 1827 ते 1835 या काळात दलदल बुजवून सरळ रस्ते आखले. पणजीचा खरा संस्थापक त्यालाच म्हणावयास हवे.

राजधानी लहान राहिली, याचे कारण तिच्या वाट्याला सत्ता आली, पण व्यापार आला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदर आणि रेल्वे ही दोन्ही मुरगावला गेली, आणि पणजीत उरल्या कचेऱ्या, छावणी व बागा. नदीकाठ गोद्या आणि गोदामांनी पूर्णपणे व्यापला गेला नाही, म्हणूनच कांपालची झाडीखालची वाट आणि गास्पार दियशचा, म्हणजे आजच्या मिरामारचा, वाळूचा किनारा फिरावयास मोकळा राहिला. शहराच्या मंदगतीला नावे ठेवणाऱ्यांनी हा लाभ सहसा जमेस धरलेला नाही. गार्सिया द ओर्ता याच्या नावाच्या बागेतील स्तंभावर पूर्वी वास्को द गामाचा अर्धपुतळा होता, तेथे आता अशोकाचे सिंह आहेत. रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर उतरले, की खारफुटीतील सलीम अली पक्षी अभयारण्य लागते. ते 1988 मध्ये घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र दोन चौरस किलोमीटरहूनही कमी आहे.

गोवा 30 मे 1987 रोजी घटकराज्य झाले आणि पणजी त्याची राजधानी राहिली. 2011 च्या जनगणनेत पालिका हद्दीतील वस्ती सुमारे 40 हजार होती, आणि विधानसभा तर 2000 पासून मांडवीपलीकडे पर्वरीला भरते. कचेऱ्यांनी सोडलेला हा नदीकाठ आता तरंगत्या कॅसिनोंच्या वाट्याला आला आहे. त्याच्या इतिहासातील हा सर्वांत वाईट सौदा होय.