चौदा कॅरेटची अंगठी

आमच्या गटातल्या एका ताईंनी आजेसासूची लाल खड्याची अंगठी सराफाला दाखवली. सोनं हलकं निघालं. "तेव्हाच्या सोनारानं फसवलं," ताई चिडल्या. अंगठी 1963 च्या उन्हाळ्यातल्या लग्नातली. मग सोनाराला बोल कशाला?

चीनच्या युद्धानंतर, परकीय चलन वाचावं म्हणून अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आणलं. नवा दागिना 14 कॅरेटच्या वर घडवायला बंदी! म्हणजे 24 भागांत 14 भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. असला दागिना बायकांना पसंत पडेना. सोनारांच्या शेगड्या विझल्या, कित्येकांचा पिढीजात धंदा सुटला. त्यांचं दुःख कोण सांगतं?

खड्याचं मात्र वेगळं. कारखान्यातलं माणिक तेव्हाही बाजारात होतंच. ताई आता तो तपासून घेणार आहेत.