लघुप्रतिमांवरील चिलखताचे रंगकाम

पटावरच्या युद्धखेळांसाठी किंवा प्रदर्शनासाठी प्लास्टिक, रेझिन अथवा मिश्रधातूत ओतलेल्या छोट्या योद्ध्यांचे चिलखत खऱ्या पोलादासारखे चकाकते आहे, असा भास रंगातून घडवण्याची कला. खेळातील प्रतिमा साधारण २८ ते ३२ मिमी. उंचीच्या असतात, प्रदर्शनासाठी ५४ व ७५ मिमी. ही मापे रूढ आहेत.

सर्वांत सोपा मार्ग चंदेरी धातुरंगाचा. या रंगात अभ्रकाचे किंवा ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. प्रत्येक कण प्रकाश परतवतो, पण सगळे मिळून सलग आरसा होत नाहीत. त्यामुळे सगळीकडे सारखीच करडी चमक दिसते. घासूनपुसून लखलखीत केलेल्या चिलखताचे दृश्य फार वेगळे असते. त्यात आकाश, क्षितिज आणि जमीन उमटलेली असतात, आणि जवळजवळ पांढऱ्या पट्ट्याला खेटूनच जवळजवळ काळा पट्टा असतो. स्टीलचा तांब्या खिडकीपाशी धरला तरी हे स्पष्ट दिसते. कापडावर उजेडाची सावली हळूहळू होत जाते; धातूवर ती एकदम होते. नवशिक्याचे चिलखत दगडासारखे दिसते ते बहुधा चुकीच्या रंगामुळे नव्हे, तर पुरेसा काळा लावण्याचे धाडस न झाल्यामुळे.

‘नॉन-मेटॅलिक मेटल’ (एनएमएम) या पद्धतीत धातुरंग पूर्णपणे वर्ज्य असतो. पोलादासाठी काळा, निळसर करडा आणि पांढरा. सोन्यासाठी गडद तपकिरी, गेरूचा पिवळा आणि हस्तिदंती, एवढ्या साध्या रंगांवर काम चालते. सोने निळा प्रकाश शोषून घेते, म्हणून त्याची चमकही पिवळीच असते. शुद्ध पांढरा फक्त अगदी टोकाच्या ठिपक्यापुरता. चमक कुठे बसवायची हे आकार ठरवतो. नळकांड्यासारख्या दंडाच्या पत्र्यावर ती लांबीच्या दिशेने पट्टा होते, गुडघ्याच्या वाटीवर ठिपका होते, निमुळत्या शिरस्त्राणावर टोकाकडे अरुंद होत जाते. सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या पन्हाळीदार जर्मन चिलखतात प्रत्येक पन्हाळीला स्वतःचा उजेड आणि स्वतःचा अंधार द्यावा लागतो; या कामाइतकी चिकाटीची परीक्षा दुसरी नाही. वरच्या भागात आकाशाचा निळा, मध्ये क्षितिजाची काळी रेघ आणि खाली मातीचा तपकिरी, अशी मांडणी केल्यास क्रोमचा भास होतो. जपानी चित्रकार हाजिमे सोरायामा यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून रंगवलेल्या यंत्रमानवांत क्रोमची अशी झळाळी कळसाला पोचलेली दिसते.

लघुप्रतिमांच्या जगात ही पद्धत लोकप्रिय होण्यात ‘कॉन्फ्रंटेशन’ हा खेळ काढणाऱ्या ‘राकाम’ या फ्रेंच कंपनीच्या रंगकर्मींचा मोठा वाटा आहे. तिच्यामागचा विचार मात्र पंधराव्या शतकातला. लिओन बत्तिस्ता अल्बेर्ती याने १४३५ च्या ‘दे पिक्तुरा’ या ग्रंथात चित्रकारांना सोन्याचा वर्ख न लावता सोन्याची झळाळी रंगांनीच साधण्याचा सल्ला दिला. वर्ख लावला की उजळ दिसायला हवा तो भाग काळवंडतो आणि गडद हवा तो चमकतो, ही त्याची तक्रार आजच्या चंदेरी रंगालाही तंतोतंत लागू पडते. पुढच्याच वर्षी यान व्हान आयकने पूर्ण केलेल्या, ब्रूज येथील चित्रात संत जॉर्जच्या शिरस्त्राणात मेरीचे प्रतिबिंब दिसते. धातू रंगवणे म्हणजे त्याच्या भोवतालचे रंगवणे, हे तिथे जितके स्वच्छ कळते तितके कोणत्याही तंत्रपुस्तिकेतून कळणार नाही.

एनएमएमची मर्यादा उघड आहे. चित्राला एकच बाजू असते, प्रतिमा हातात फिरते. रंगवलेला उजेड मात्र जागचा हलत नाही. समोरून थक्क करणारे काम मागून पाहता खोटे वाटू शकते. म्हणून दुसरा पंथ धातुरंगच वापरतो, पण खोलगट भागांवर मॅट काळ्या-तपकिरी शाईचे पातळ थर चढवून तिथली चमक मारतो आणि उजळ टोकांवरच धातूचे कण उघडे ठेवतो. प्रतिमा फिरवली की तिथला झगमगाट सरकतो. मेजावर हाताळायच्या सैन्यासाठी ही मिश्र रीतच अधिक योग्य. छायाचित्रासाठी आणि एकाच कोनातून पाहायच्या प्रदर्शनकृतीसाठी एनएमएमला तोड नाही. धातुरंगावर शेवटी मॅट व्हार्निश सरसकट फवारू नये. त्याने कणांची चमक मरते. ते फक्त कापडाच्या आणि चामड्याच्या भागांवर कुंचल्याने लावावे.