डोंगरावरचा धूर आणि बेकन

आज बनारसच्या संस्कृत कॉलेजात जाऊ. 1791 मध्ये जोनाथन डंकन यांनी सुरू केलेलं हे कॉलेज म्हणजे आजचं संपूर्णानंद संस्कृत विद्यापीठ.

1846 मध्ये जेम्स बॅलंटाइन तिथे प्राचार्य झाले. न्यायशास्त्र शिकणाऱ्या पोरांना युरोपचं तत्त्वज्ञान शिकवायचं होतं. बॅलंटाइन आधी स्वतः न्याय शिकले. डोंगरावर धूर, म्हणून तिथे अग्नी, हे अनुमान विद्यार्थ्यांना पाठच. पुढची पायरी तिथूनच. (धुरावरून आग ओळखणं आम्हा फौजी मंडळींनाही नवं नाही!)

खरं अवघड काम मात्र पंडित विठ्ठलशास्त्र्यांचं. बेकनचा 'नोव्हम ऑर्गेनम' त्यांनी संस्कृतात समजावून दिला. 1852 मध्ये तो बनारसला छापला गेला. 'निरीक्षण करा, प्रयोग करा, मग नियम सांगा' म्हणणारा बेकन संस्कृतात उतरवायचा, तर दोन्हीकडचं पक्कं ठाऊक हवं. मुखपृष्ठावर बॅलंटाइन यांचंही नाव आहे, पण माझा सलाम शास्त्रीबुवांना.

बॅलंटाइन यांना निव्वळ तर्क शिकवायचा नव्हता, ख्रिस्ती मताकडे वाट काढायची होती. 1859 चं त्यांचं पुस्तक तेच सांगतं. गंमत बघा, त्याच काशीतले आपले मराठी नीळकंठशास्त्री गोरे 1848 मध्ये ख्रिस्ती झाले, ते कॉलेजच्या वर्गातून नव्हे, तर मिशनऱ्यांचं मत खोडून काढायला गेले असताना. पुढे त्यांनी सहा दर्शनांची चिकित्सा लिहिली, तीही हिंदीत.